दत्तूची रेकॉर्ड

सोलापूर, १२ ऑगस्ट १९७४

आज दत्तू कांबळेची पहिली रेकॉर्ड आली. तिच्यावर नाव ‘दत्तराज’. “अभंग आहेत. आडनाव कळलं तर खपणार नाहीत,” असं कंपनीचे मालक म्हणाले होते. तेव्हा दत्तू माझ्याकडे बघत होता. मी का बोललो नाही?

संध्याकाळी तो माझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत पेढे घेऊन आला. “तात्या, देवळाच्या कर्ण्यावर माझंच गाणं लागलंय की! भाईर हुबा राहून ऐकलं. पुजारी म्हनला, काय सोवळा आवाज हाय!”

“मग सांगितलंस?”

“न्हाय. बंद केलं असतं.”

पेढा मी तसाच टेबलावर ठेवला. मी बोललो नाही असं वर लिहिलंय, हेही खोटंच. ‘दत्तराज’ हे नाव मीच सुचवलं होतं, बातमीला मथळा द्यावा तसं, चटकन.