कानामागचा पट्टा

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू बनवलेलं यंत्र पोचलं. लहानपणापासून माझे कान वाहतात, त्यामुळे कानात घालायचं कुठलंही मशीन आठवडाभरात पू आणायचं. हे तर कानाला शिवतसुद्धा नाही! डोक्याभोवतीच्या पट्ट्याने कानामागच्या हाडावर बसतं आणि हाडातूनच ऐकवतं. काय डोकं चालवलंस गं! काल दुकानात एका सायकलची चेन घासतेय हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी मलाच कळलं. तुझी आई स्वयंपाकघरातून मला काय काय म्हणते तेही आता ऐकू येतं. इतकी वर्षं सुखात होतो म्हणायचं!

पट्टा टोचतो का, कातडी लाल होते का, असं तू विचारलंस. छे, अजिबात नाही. दिवसभर घालतो. खुशाल तसं तुझ्या अहवालात लिही. आणि वेळेवर जेवत जा.

आता जरा ऐकू लागलेला,
बाबा

ता. ११ फेब्रुवारी

चि. चिमणे, आशीर्वाद.

यांना न सांगता लिहितेय. आज उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं. कानामागे बटणाएवढी जखम झालीय. पट्टा सैल केला की नीट ऐकू येत नाही, म्हणून हे तो आवळतात आणि वर घरातसुद्धा टोपी घालून फिरतात! मी ओरडले, तर म्हणाले, पोरीने रात्रीचा दिवस केलाय, माझ्या कातडीपायी तिचं काम अडायला नको. आणि मलाच म्हणे, तुझा आवाज ऐकायची सवय झालीय, आता सोडवत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही. तूच बघ बाई काय ते.

तुझी वाट बघणारी,
आई

ता. १५ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

आई रागावेल, पण लपवाछपवी पुरे. तिने मला सगळं कळवलंय. बाबा, मला तुमचा भयंकर राग आलाय! तुमच्या शब्दावर विसंबून मी पट्ट्याचा दाब पक्का केला होता. त्याच दाबाचे पट्टे लहान मुलांच्या डोक्यावर बसणार होते, जन्मतः कानाला भोकच नसलेल्या मुलांच्या. त्यांची कातडी किती कोवळी असते, कल्पना आहे का तुम्हाला?

काल साहेबांसमोर उभं राहून सांगितलं की माझ्या वडिलांनी खरं सांगितलं नाही. काम थांबलंय, साहेब तोंड फुगवून बसलेत. दाब कमी करून आवाज कसा पोचवायचा ते मला अजून सुचत नाही. उठते, फेऱ्या मारते, परत टेबलाशी येऊन बसते. कशातच मन लागत नाही.

पट्टा आजच काढा. जखम भरेपर्यंत घालायचा नाही म्हणजे नाही. तुमच्याकडून मी काय काढून घेतेय ते मला कळतंय हो बाबा, म्हणून तर जास्त त्रास होतोय.

रविवारी घरी येते. पट्टा नको, काही नको. यंत्र तुमच्या दुसऱ्या कानामागे मी माझ्या हाताने धरीन, हात भरून येईपर्यंत. आईला म्हणावं, काय बोलायचं ते ठरवून ठेव.

रागावलेली, तरी तुमचीच,
चिमणी