प्लेव्हनातून निघायची परवानगी

बाबा, परवा मी लेकीला तुमच्या त्या उस्मानी तुर्की सेनापतीची गोष्ट सांगितली. तिने शाळेत टिकून राहावं म्हणून. सातवीत आहे ती. महिना झाला, वर्गातल्या मुली तिच्याशी बोलत नाहीत. रोज सकाळी बूट घालून ती दारातच बसते आणि मी तिला उठवून पाठवते.

मला तुम्ही ही गोष्ट सांगितलीत ती मिरजेच्या एसटी स्टँडवर. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधून मी आठव्या दिवशी पळून आले होते. तुम्ही मला घरीसुद्धा नेलं नाहीत. पोह्यांची प्लेट पुढे सरकवलीत आणि वर्गात शिकवावं तसं बोलायला लागलात. अनातोलियातल्या साध्या घरातला मुलगा, लष्करी शाळेत शिकला, क्रिमियात लढला, येमेनला गेला. मग प्लेव्हना या गावात रशियन सैन्याच्या वेढ्यात अडकला. खंदक खणून त्याने रशियनांचे तीन हल्ले परतवले. अन्न संपलं तेव्हा बर्फातून वेढा फोडायला निघाला, पायात गोळी लागली आणि शरण जावं लागलं. शत्रूने मानाने त्याची तलवार परत दिली, मायदेशी तो युद्धमंत्री झाला. "पाच महिने टिकला तो. तू आठ दिवसांत परत आलीस?" एवढं म्हणून तुम्ही मला परतीच्या बसमध्ये बसवलंत. त्यानंतर होस्टेल, नोकरी, लग्न, हे जपानमधलं निशी-कसाई, कुठूनच मी उठून गेले नाही. जमेल असं कधी वाटलंच नाही.

लेकीने सगळं ऐकलं आणि जपानीत विचारलं, "रस्ता बंद व्हायच्या आधीच तो का नाही निघाला?"

मला माहीत नव्हतं. लायब्ररीत जाऊन वाचलं. बाबा, त्याने विचारलं होतं. रस्ता उघडा आहे तोवर सैन्य काढून घेऊ द्या, असं राजधानीला कळवलं होतं. उत्तर आलं, तिथेच थांबा. तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. हे तुमच्या वाचनात आलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आज सकाळी ती पुन्हा दारात बसली होती. मी शेजारी बसले.

"आई, आज नाही गेले तर?"

"बूट काढ," मी म्हटलं.

ती हळूहळू नाड्या सोडायला लागली.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. शिक्षकांना मी तिला ताप आहे असं सांगितलं. खरं बोलायचं धाडस झालं नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी फोन लावताना मला भीती वाटली ती तुमची.