धारेवरून दिसणारी दोरी

अहो,

मी डोंगराच्या धारेवर जाते आहे. पायऱ्यांच्या वाटेने नाही, तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. आपल्या शेळ्यांच्या जुन्या वाटेने जाईन. काठी घेतली आहे, काळजी नको. भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घ्या. काल रुसून उपाशी झोपलात, आज ते चालणार नाही.

तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं दवाखान्यात आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. "या वयात कशाला चिरफाड," म्हणता. पण दारात बसून डोंगराकडे बघत राहता, ते मला बघवत नाही. तरी जबरदस्ती नाही. गुडघा तुमचा आहे.

वर फोन लागत नाही. मी शेळ्या घेऊन धारेवर असायचे, तेव्हा जेवायला बोलवायला तुम्ही अंगणातल्या दोरीवर लाल चादर टाकायचात. होकार असेल तर तीच टाका. खिंडीतून मला दिसेल, आणि मी उतरून परस्पर दवाखान्यात सांगून येईन.

नाही टाकलीत तरी घरी येणारच, जाणार कुठे? पण धारेवर एकटीला करमत नाही हो. दगड काही तुमच्यासारखे उलट उत्तर देत नाहीत.