लेत्रासचा घाट आणि अर्किमिदेसचा भोंगा

मारिकिता, सोमवार दुपार

ती. एर्मिंदाताईस,

धाकट्या दिओसेलिनाचा नमस्कार आणि घट्ट मिठी. कार्मेनमाता तुम्हा दोघांना सुखात ठेवो. भावोजींच्या कानाचं काय झालं? (अजून ऐकू येत नसेल तर त्यांच्याइतका भाग्यवान नवरा नाही. कारण पुढे कळेलच.) तुमच्या मानिसालेसला म्हणे धुकं हटायला तयार नाही. इथे घामाच्या धारा आहेत, आणि मी जिवंत आहे. याहून बरी बातमी माझ्याकडे नाही. फोनच केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की आमचा नवरोबा अर्किमिदेस शेजारी बसून माझ्या वाक्यांत दुरुस्त्या करतो.

ताई, माझं सगळं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात गेलं, आणि समोरच्या खिडकीतून लेत्रासचा डोंगर माझी मजा बघत राहिला. पन्नाशी उलटल्यावर मी ठरवलं, हा घाट सायकलवरून चढायचा. एकदा तरी वरून आपली खिडकी बघायची. (दिसत नाही म्हणतात. नाही तर नाही.) पहिल्या खेपेला फ्रेस्नो गावाच्या अलीकडेच ओकले. दुसऱ्या खेपेला पावसाने हाणलं. शेजारची ब्लांका नुबिया माझ्याबरोबर निघायची. तिने एका चढावर सायकल भिंतीला टेकवली, कॉफी मागवली आणि त्या कॉफीवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. तिचं निदान काहीतरी झालं. माझा मात्र गुडघा गेला. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की त्याचं ऑपरेशन करायचं, आणि मग सायकल कायमची विसरायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे परवाची खेप शेवटचीच.

ती वाया जाऊ नये म्हणून अर्किमिदेस अ‍ॅव्होकॅडोची गाडी घेऊन मागून आला. माझं पाणी, केळी, स्वेटर, सगळं त्याच्या गाडीत. आणि टपावर त्याचा तो विक्रीचा भोंगा. गावाबाहेर पडतो न पडतो तोच त्याने सुरू केलं, "चल दिओसेलिना! डोंगर तुझा आहे! मागे बघू नकोस!" मी कशाला मागे बघतेय? पण भोंगा ऐकला की लोकांना वाटतं माल आला. पिशव्या घेऊन बाया धावत रस्त्यावर. मग हा गाडी थांबवणार, फळ दाबून दाखवणार, पिकायला किती दिवस लागतील ते समजावणार, त्यांच्या सुनांची चौकशी करणार. आणि मी पुढे, घसा कोरडा, एकटी. प्रत्येक वस्तीला हेच. पादुआ गाव ओलांडलं, ताई! इतकी वर मी कधीच गेले नव्हते. पण तिथे धुकं उतरलं, पोटऱ्यांत गोळे आले आणि मी रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरीसारखी रडले.

बऱ्याच वेळाने स्वारी आली. गाडी रिकामी, चेहरा फुललेला. मी म्हटलं, "केळी दे." तर म्हणतो, "केळी ना... अगं, एका म्हातारीने डझनभर अ‍ॅव्होकॅडो घेतले, तिला वर फुकट दिली."

मग मी जे बोलले ते पाद्रीबाबांनासुद्धा सांगायचं धाडस होणार नाही. त्याच्या आईपासून सुरुवात केली. तोही तापला. त्याच्या हातातला भोंग्याचा माईक चालू आहे याचं भान दोघांनाही नव्हतं. "मुद्दाम थांबतो मी!" तो ओरडला. "त्या वळणांवर ट्रक तुला घासून जातात, ते मला बघवत नाही! तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून जेवू?" हे सगळं त्या दरीभर घुमलं. खालून कुणीतरी शिट्टी मारली. एक बाई ओरडली, "अहो, घ्या की तिला जवळ!"

मला इतकी लाज वाटली की मी तशीच उठले आणि सायकलवर बसले. रागाच्या भरात आणखी बरीच वळणं काढली. मग गुडघ्यात कट्‌ झालं. परत आले ती रिकाम्या खोक्यांमध्ये आडवी होऊन. आता बाजारात गेलं की लोक विचारतात, "काय दिओसेलिनाबाई, मिटलं का?" संपलं ताई. सायकल कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली आहे. माणसाने असली स्वप्नं बघूच नयेत. गणवेश शिवावेत आणि खिडकीला पडदा लावावा. मी कालच लावला.

तुझीच अभागी,
दिओसेलिना

ता. क. : तुमच्या बाजूनेही लेत्रासला चढता येतं आणि तो चढ बराच कमी आहे, असं ब्लांका नुबियाचा नवरा म्हणाला. लेत्रास ते लेत्रास, कुठूनही चढा. गुडघ्याची सूज उतरली आहे. शुक्रवारच्या बसने येते. सायकल टपावर चढवतात, विचारून ठेवलंय. अर्किमिदेसला मी सांगितलंय की तुला पित्ताचा भयंकर त्रास आहे. त्याचा फोन आला तर कण्ह. जरा मनापासून.

ता. क. २ : घोटाळा झाला. तुझ्या पित्ताचं ऐकून तो ढसाढसा रडला, आणि आता तोही येतोय, तुला स्वतःच्या हाताने सूप भरवायला. तेव्हा ताई, शनिवारी पहाटेपासून अंथरुणातून हलायचं नाही. त्याचा हात घट्ट धरून ठेव, आणि माझा घाटमाथ्यावरून फोन येईपर्यंत सोडू नकोस.