भांबुर्ड्याचा रकाना

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

तक्ता परत आला — लाल पेनानं रंगवून!

शिबिराला बसून आज सहा दिवस झाले. कर्जतला, तहसील कचेरीच्या मागच्या हॉलमध्ये. 'नवउद्योजक' म्हणे आम्ही. अठरा जणांत अकरा जणींचे पापड-लोणची, चौघांची मोबाईलची दुकानं, दोघांच्या कोंबड्या. आणि मी — पोपटी.

शिकवणाऱ्या संजना मॅडम लातूरकडच्या. त्यांना पोपटी ठाऊकच नाही. उभं राहून सांगितलं — मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी. ओवा, जाडं मीठ. तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. मग मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब घालायचा नाही. थंडीत आमच्या रायगडात घरोघर होते. मॅडमना तोंडाला पाणी सुटलं बहुतेक, पण विचारलं काय — "विकणार कोणाला?"

फार्महाऊसवर येणाऱ्यांना. दर शनिवारी एवढ्या गाड्या येतात, त्यांना पनीर टिक्का मुंबईतही मिळतो की.

तक्त्यात पाच रकाने. माल कोणता, किती, कुठून, केव्हा, आणि शेवटचा — 'नाही मिळाला तर?' मी शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'मिळतोच' लिहिलं होतं. त्या प्रत्येक 'मिळतोच'वर लाल गोल. भांबुर्ड्यापुढे मी 'फुकट, बांधावर' लिहिलं, तिथे दोन गोल. म्हणाल्या, "फुकट असला तरी माल आहे तो, हर्षलाताई."

आता तणाचाही हिशोब ठेवायचा! लातूरला नसेल भांबुर्डा. इथे पायाखाली येतो.

१२ नोव्हेंबर

जमिनीचा एजंट परत आला होता. ओढ्याकाठच्या शेतासाठी. आबा ओसरीवर बसून ऐकत होते. सासरे असले तरी त्यांच्याविषयी खोटं बोलू नये — लोभी नाहीत ते. गुडघे गेलेत, भातलावणीला माणूस मिळत नाही, बावीस गुंठे कोण करणार, एवढंच त्यांचं म्हणणं.

एजंट गेल्यावर मी पदर खोचून समोर उभी राहिले. म्हटलं, एक हंगाम द्या. त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "शिमग्यापातूर. शेतानं चार पैसं दावलं तं ऱ्हाईल. नाय तं मी कागूद करनार. मंग रडू नको."

रडणार नाही. ते शेत गेलं तर मी उरलेलं आयुष्य कुणाच्या तरी फार्महाऊसच्या कुंपणाबाहेरून ओढा बघणार. ते मला चालणार नाही. साफ चालणार नाही.

धनेश माझ्या बाजूनं बोलला. (सगळ्यांसमोर 'अहो', वहीत धनेश.) "आबा, करू द्या तिला. मी हाय ना." तळोज्याला कंपनीत जायला-यायला रोज ऐंशी किलोमीटर बाइक हाणून दमतो बिचारा, तरी म्हणाला. बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

वाल पेरले. भात निघालं तरी जमिनीत अजून ओल आहे, तेवढी पुरते. जानेवारीत शेंगा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शिबिर संपलं. सर्टिफिकेट मिळालं, समोसा मिळाला. मॅडमनी शेवटच्या दिवशी मला सर्वांसमोर धरलं. "मडकी भरून फार्महाऊसवर पोचवणार, की गिऱ्हाईक शेतावर आणणार? एक ठरवा. दोन्ही करायला जाल तर दोन्ही बुडेल."

वाटेत विचार केला. पोचवायचं म्हणजे टेंपो आला, त्यांच्या हिरवळीवर जाळ करू देणार नाहीत, माळी ओरडणार. आणि माणसं काय नुसती शेंग खायला येतात? जाळाभोवती बसायला येतात. तेव्हा शेतावरच. माणशी दर, कमीत कमी दहा माणसं, आधी अर्धे पैसे. जागा घरची, पेंढा घरचा, शेंगा घरच्या.

मॅडमच्या नावानं घरच्या पेंढ्यालाही किंमत लावली. आबा म्हणाले, "आता माज्या बसन्याचं बी भाडं लाव." लावीन!

६ डिसेंबर

चौकला लियाकतभाईंकडे गेले. कोंबडी आणि अंडी त्यांच्याकडून. हायवेवरच्या ढाब्यांना वीस वर्षं माल देतायत, माणूस पक्का. बिलकिसभाभींनी चहा दिला, भाईंनी धडा दिला. "हर्षलाबेन, गिऱ्हाईक येतो बोलतो आनि येत नाय. कोंबडी कापली का मी परत घेनार नाय. पयलं आडवान्स घे, मंग मला फोन कर." पंधरा दिवसांच्या शिबिराचं सार त्या माणसानं कोंबडी तोलता तोलता सांगितलं.

मडकी तीस घेतली. त्यांतली दोन रिक्षातच फुटली.

२० डिसेंबर, शनिवार

चाचणी. पाहुणे म्हणून माहेरची माणसं. शेंगा पेणच्या, बाजारातून आणलेल्या.

पहिलं मडकं कच्चं. दुसरं करपलं. तिसऱ्याला धनेश बसला जाळावर. त्याच्या हाताला अंदाज आहे. कुठे पेंढा सारायचा, कुठे लाकूड ओढायचं, तोंडानं काही बोलत नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणाला, "काढा." शेंग न् शेंग शिजलेली, आणि तो भांबुर्ड्याचा वास! आबांनी सहा अंडी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाले.

कामं ठरली. मडकी भरणं माझं, जाळ धनेशचा, नावं ठेवणं आबांचं.

१४ जानेवारी २०२६

पहिल्या तीन शनिवारी दोन, चार, तीन मडकी. लहान लहान कुटुंबं. पण आज — संक्रांतीच्या दिवशी — पवईहून फोन! एका सोसायटीची चाळीस माणसं, पंचवीस तारखेला, वीस मडकी. अर्धे पैसे संध्याकाळपर्यंत आलेसुद्धा. मी मोबाईल आबांच्या डोळ्यांपुढे धरला. चष्मा लावून दोनदा वाचलं त्यांनी. तिळगूळ देताना माझ्या हातावर दोन जास्त ठेवले.

हा एक दिवस नीट पार पडला तर शिमग्याची वाट बघायला नको.

१८ जानेवारी, रविवार

शेत चकाचक केलं. एवढी मोठी माणसं येणार, म्हणून जैतूला दोन दिवस लावला. गावातला सगळ्यात कामसू गडी. सगळे बांध तासून घेतले, गवत, तण, काटे — ढीग करून पेटवून दिलं. ओढ्यापर्यंत स्वच्छ दिसतंय. लग्नघरासारखं.

२१ जानेवारी, बुधवार

मी गाढव आहे.

सकाळी विळा-टोपली घेऊन पाला किती निघेल ते बघायला गेले. बांधावर माती. नुसती तासलेली, पिवळी माती. एक पान नाही. जैतूनं काढलेल्या त्या 'तणा'त काय होतं? भांबुर्डा होता! मी उभी राहून काढून घेतला, वर त्याला मजुरी दिली, वर दोनदा शाबासकी दिली. आणि जळताना वास आला तेव्हा म्हटलं — वा, पोपटीसारखा वास येतोय.

वीस मडकी मोजली, शेंगा तोलल्या, ओव्याच्या पुड्या बांधल्या. आणि जो पाला नसला तर पोपटीची नुसती उकडलेली शेंग होते, तो कचरा म्हणून पेटवला. जन्मभर त्याला तण म्हणून उपटलं ना, म्हणून.

जैतूला विचारलं, तुला कळलं नाही का रे? "तुमीच बोललाव वयनी, कायच ठेवू नको." बरोबर आहे त्याचं.

चार दिवस राहिले.

२२ जानेवारी

आजूबाजूचे सगळे बांध फिरले. दोघांनी गुरं सोडलेली, बाकी सगळ्यांनी तणनाशक मारलंय. पाला आहे, पण फवारलेला. तो पाहुण्यांच्या मडक्यात घालणार नाही. उपाशी परत पाठवीन, पण ते नाही.

धनेश रात्रपाळीवरून येऊन माझ्याबरोबर दोन तास फिरला. शेवटी म्हणाला, "केळीची पानं घाल. पवईवाल्यांना काय कळतंय." मी भडकले. त्यांना नाही कळणार, मला कळेल.

संध्याकाळी आबांना सांगावंच लागलं. मला वाटलं ओरडतील. उलट खूप हसले. खोकला लागेपर्यंत हसले. "पाव्हनं येनार म्हनून कुनी चूल उपटून टाकतं का गं?" मग डोळे पुसत म्हणाले, "वाडीवर जा. अंबाबाईला इचार. डोंगराच्या अंगाला कोन फवारतंय?"

२३ जानेवारी, शुक्रवार

तासभर चढण. अंबाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. कर्जतच्या बाजारात रानभाज्या विकताना मी तिला दहा वर्षं बघतेय, दहा वर्षं दोन रुपयांसाठी घासाघीस केली आहे. आज पहिल्यांदा तिच्या दारात मी मागायला.

"किती मडकी?" — वीस. "मंग दोन भारे." काय घेणार विचारलं. माझ्या मनात आलं, आता ही अडवणार, मीही तेच केलं असतं. ती म्हणाली, पाल्याचे पैसे कसले, पाला डोंगराचा. "मी आन माजी सून, दोघींचा दिस मोडंल. त्या दिसाचं दे."

लाज वाटली. मान्य केलं आणि तिथेच पुढचंही ठरवलं — हंगामभर दर शुक्रवारी, मडकी कमी असोत की जास्त, दिवसाची पूर्ण मजुरी. तिनं सुनेला हाक मारून तिच्यासमोर माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. पक्की आहे. लियाकतभाईंशी जमेल हिचं.

घरी येऊन तक्ता काढला. 'फुकट, बांधावर' खोडलं. आबा डोकावून म्हणाले, "भांबुर्ड्याचं पैसं! कुनाला सांगू नको, हासतील." हसू देत.

२५ जानेवारी, रविवार

वीस मडकी. एक फुटलं, एकोणीस उतरली. एकही कच्चं नाही.

हात भाजलाय, बोटांना मसाल्याची आग होतेय, तरी लिहिणार. चाळीसची पंचेचाळीस माणसं आली. अंधार पडला, जाळ लागला आणि त्यांची ती इंग्रजी बडबड हळूहळू बंदच झाली. मडकं उघडलं की वाफेसकट वास यायचा आणि पुढच्या रांगेतली बाई डोळे मिटायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेंगा सोलता सोलता सांगितलं, लहानपणी आजोळी खाल्ली होती, त्यानंतर आज. आबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले ते उठलेच नाहीत.

ज्यांनी सगळं ठरवलं ते पवईचे साहेब तर फारच खूश. जाळ लागायच्या आधी धनेश त्यांना बांधाबांधानं फिरवत होता, ओढा दाखवत होता, हद्द कुठून कुठे ते सांगत होता. लांबून बघून मला भरून आलं — म्हटलं, बोलत नाही, पण शेताचा अभिमान आहे याला.

सगळा खर्च, अंबाबाईची मजुरी, घरचा पेंढा, फुटलेलं मडकं, सगळं वजा करून पैसे उरले. चांगले उरले.

२९ जानेवारी

पवईचे साहेब आज एकटे आले. मला वाटलं नवी ऑर्डर. त्यांना शेत हवंय. एजंटच्या दीडपट आकडा बोलले. मी चहा देऊन दारातच थांबले. सगळं मीच केलं की काय? जागा झाडून, जाळ लावून, गिऱ्हाईक मीच आणून दाखवलं की काय?

आबांनी बशी खाली ठेवली. "साहेब, शेत इकायचं नाय. त्यो आता सूनबायचा कारखाना हाय. पोपटी खायाला या."

शिमगा अजून महिनाभर लांब आहे. मी आत जाऊन पदरात तोंड घालून रडले. आनंदानं. ते चालतं.

१ फेब्रुवारी, रविवार

चौकला अंडी आणायला गेलो होतो. येताना धनेशनं टपरीवर बाइक थांबवली, दोन चहा सांगितले. म्हणाला, साहेबांना पुन्हा मीच बोलावलं होतं. शेताच्या पैशांत घ्यायला तळोज्याजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात, दिवाळीपासून. "आबा आता तुझंच ऐकतात. तू बोल ना त्यांना, इका म्हणून."

आवाज चढवला नाही त्यानं. दमलेला दिसत होता. त्याचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. ऐंशी किलोमीटर खरे आहेत, हे मलाही कळतं. पण त्यानं दिवाळीपासून मला सांगितलं नाही, आणि माझ्या जाळावर बसून हद्द दाखवत राहिला.

शेत विका असं मी आबांना सांगणार नाही, हे तिथेच सांगितलं. चहा प्यायले. शनिवारी अकरा मडकी आहेत. घरी आल्यावर जैतूकडे गेले आणि जाळावर बसायचं विचारलं. हो म्हणाला. त्याची मजुरी ठरवली.