चाळिसावा दात

शेडमधल्या गवत ओढायच्या दाताळ्याला चाळिसावा दात परत आला, म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे. वय एकाहत्तर. बुद्धी शाबूत असल्याची खात्री गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी करून घेतली. दोन पायांचा रुग्ण त्यांना पहिलाच. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, निदान जिवंत माणसाचा तरी नाही.

१. घर, गायी आणि गवताचे रान धाकट्या जावेला. दिराला वेगळे काही नाही. "वहिनी, दात तुम्हीच बसवलात आणि विसरलात. वय झालं आता," असे तो म्हणाला. वय झाले हे खरे. पण तो दात अकरा वर्षांपूर्वी रानात हरवला होता, आणि तेव्हापासून ती जागा मी रिकामीच ठेवली होती.

२. ट्रॅक्टर, त्यामागे जोडून गवत ओळीत ओढायचे दाताळे, शेड आणि सगळी हत्यारे ब्रेकवाल्या मिस्त्रीला. दाताळे चालवणाऱ्यासाठी सूचना: गवत मागे राहत असेल तर दाते खाली घ्यावेत, माती येत असेल तर उचलावेत. ओळ वाकडी पडली तर दोन्ही टायरांतली हवा बघावी. चाक अडखळले तर आधी गुंडाळलेले गवत काढावे, मग ग्रीस. एवढ्यानेही दोष सापडला नाही तर चालवणाऱ्याकडे बघावे. माझ्या वेळी तिकडे कोणी बघितले नाही.

३. हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. आमचे यजमान प्रत्येक दात तारेने बांधत, तुटला तरी लोंबकळावा, गवतात पडू नये म्हणून. ते डावखुरे, त्यांचा पीळ उलटा पडे. त्या सकाळी एक तार सुटली होती. "दोन मिनिटं थांब, बांधतो," म्हणाले. "दुपारी बांधा," मी म्हटले. ट्रॅक्टर मी चालवत होते, ते शेजारी बसले होते. दहाव्या ओळीला दात पडला. ते उतरून दाताळ्यामागे शोधू लागले.

"एका दातासाठी किती वेळ?"

"बाईसाहेब, गाईच्या पोटात लोखंड गेलं, तर तुमची डिग्री ते बाहेर काढणार आहे का?"

मला राग आला. मी मागे न बघता ट्रॅक्टर मागे घेतला.

ब्रेक लागला नाही म्हणून ते गेले, असे मी सर्वांना सांगितले. दोनच दिवसांपूर्वी मिस्त्रीने ब्रेक दुरुस्त केले होते. ब्रेक उत्तम होते. वर्षभरात त्याचे दुकान बसले. बाजारात तो समोरून आला की रस्ता मीच बदलत असे.

४. परत आलेला दात गंजका आहे, तार नवी. पीळ उलटा. तीनदा काढून कपाटात कुलपात ठेवला. तिन्ही वेळा सकाळी दाताळ्यावर होता. मी रसायनशास्त्र शिकले आहे. भुतांवर माझा विश्वास नाही. पीळ मात्र ओळखते.

माझी सही. साक्षीदार: गुरांची डॉक्टरीण, टपालवाली. स्थळ: गोठ्यामागची शेड. सोमवार, तारीख सोळा.

ताबा, मंगळवार, तारीख सतरा: मरणाची वाट न बघता मिस्त्रीला बोलावून सगळ्यांसमोर कलम तीन वाचून दाखवले. त्याने ट्रॅक्टरचा ब्रेक एकदा दाबून पाहिला. मग म्हणाला, "बाई, अकरा वर्षं मला वाटायचं, एखादा नट माझ्याकडूनच ढिला राहिला असेल."

दिले ते असे. ट्रॅक्टर एक. किल्ल्या दोन. हत्यारांची पेटी एक. दाताळे एक, दाते एकोणचाळीस, एक जागा रिकामी. पाकीट एक, काल दात तारेसकट आत घालून साक्षीदारांनी चिकटवलेले. मिस्त्रीने ते सर्वांसमोर फोडले. दात नव्हता. तार होती, पीळ सोडवून सरळ केलेली.