औषधांची पिशवी आणि माझी टाच

प्रिय क्षितिजा,

ड्रेस्डेनला परत गेल्यापासून तू फोन करतेस तो फक्त तुझ्या बाबाला. आजी कशी आहे विचारतेस आणि तो मला देणार एवढ्यात ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. चौथीपर्यंतच शिकले मी, अक्षर लावून वाच.

टाचेमागची दोरी तुटली तेव्हा सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. बसस्टॉपवरच बसकण मारली मी. एक सायकलवाली थांबली, तिने आपला कोट माझ्या अंगावर घातला. मला तिची भाषा कळेना, तिला माझ्या शिव्या कळेनात, ते बरंच झालं. आता गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा बूट आहे. तुझी आई सारखी म्हणते, अहो आई, बसा. बसून बसून बूड दुखायला लागलं.

डॉक्टरीणबाई सगळ्याला गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणते, पण हुशार आहे. लघवीच्या जळजळीला तू दिलेल्या त्या गोळ्या इथे जर्मनीत सहसा देत नाहीत, म्हणाली. त्यांनी दोरी तुटू शकते, म्हाताऱ्यांना तर जपूनच. त्यात दम्यासाठी स्टेरॉइड चालू असेल तर दोरी तुटायची भीती जास्त. तुझा बाबा तिथेच तुझ्या नावाने ओरडायला लागला. मी म्हटलं, पुण्याहून दर वेळी औषधांची पिशवी भरून कोण आणतं रे? तूच ना?

डॉक्टरचा टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळेना, मी कण्हत होते, म्हणून तू पिशवीतली गोळ्यांची पट्टी दिलीस. दुसरं काही औषध घेतेस का, हेही विचारलंस. मी नाही म्हटलं. दम्याची गोळी मला कधी औषध वाटलीच नाही, चहासारखी घेते. मग टाच दुखायला लागली तर मी थांबले? पट्टी वाया जायला नको म्हणून संपवली! एवढं सगळं तू एकटीनेच कशाला डोक्यावर घेतेस?

ती पिशवी तुझ्या आईने रिकामी केली. तुझ्याकडे पट्टी असेल तर तूही टाक. तुला तसा त्रास झाला तर सरळ डॉक्टरकडे जा, लाजू नकोस.

दोरी चांगली सांधली आहे. शुक्रवारी बूट काढणार. पहिलं पाऊल टाकताना कुणाचा तरी दंड धरावा लागेल. तुझी आई रडत बसेल, बाबा व्हिडिओ काढेल. मला तुझा दंड हवा. त्याच हाताने गोळी दिलीस म्हणून माझा भरवसा काही उडालेला नाही. गाडीचं तिकीट काढ. आणि तोंड पाडून येणार असशील तर मी बूटच काढणार नाही.

तुझीच, लवकरच पाय आपटणारी,
आजी